आतली पाहणी : काही टिपणं

१.
सेंधव्याकडून बिजासनचा घाट उतरून शिरपूरकडे येताना मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेच्या भिंती वाचत यायच्या. सिमेंट, कपाशीचं बियाणं, ठिबकच्या नळ्या, मोबाइल. आणि मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन हमखास इलाज. रंग बदलतो, मजकूर तोच राहतो.

२.
मूळव्याधीत रक्त पडतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही पडतं. रक्ताच्या रंगावरून घरबसल्या निवाडा होत नाही. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर बहुतेकदा डोळ्यांना रक्त दाखवतही नाही. माणूस नुसता फिका पडत जातो, चार पायऱ्या चढला की दम लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

३.
मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. पोटाच्या उजव्या बाजूला खाली सुरू होतं, यकृतापर्यंत वर जातं, आडवं होतं, डावीकडे प्लीहेपाशी वळून खाली उतरतं आणि शेवटी वळसा घेऊन गुदाशयाला मिळतं. आतून गुळगुळीत नसतं, जागोजागी घड्या असतात. घडीच्या अलीकडचं दिसतं, पलीकडचं लपतं. तपासणीच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

४.
आतल्या अस्तरावर कधीकधी बारीक उंचवटा वाढतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर काही करत नाहीत. काही मोठे होतात, त्यातल्या थोड्यांचा कर्करोग होतो, आणि या सगळ्याला साधारण दहा वर्षं लागतात. माणसाला एवढी सवड देणारे कर्करोग थोडेच आहेत.

५.
हा पॉलिप शोधायची एक तपासणी अशी. आधी पोट साफ करायचं. मग गुदद्वारातून बोटभर लांबीची पातळ, मऊ नळी घालून आतडं वायूने फुगवायचं. सीटी स्कॅनच्या टेबलावर एकदा उताणं, एकदा पालथं झोपायचं. दर वेळी काही सेकंद श्वास रोखायचा. भूल नाही, गुंगीचं इंजेक्शन नाही. दहा-पंधरा मिनिटांत माणूस उठून बसतो. पुढचं काम संगणकाचं : पोटाचे मिलिमीटरभर जाडीचे शेकडो छेद एकावर एक रचून तो आतड्याची पोकळी उभी करतो, आणि डॉक्टर पडद्यावर त्या पोकळीतून आतल्या आत फिरतात. नाव सीटी कोलोनोग्राफी. बोलताना ‘व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी’ही म्हणतात.

६.
फेब्रुवारी १९९४. हवाई बेटांतलं माउई, पोटाच्या रेडिओलॉजिस्टांची परिषद. नॉर्थ कॅरोलायनाहून आलेले डेव्हिड व्हायनिंग एक चित्रफीत लावतात. जिवंत माणसाच्या आतड्यातून केलेलं उड्डाण, कॅमेरा कुठेही न घालता. पार्श्वसंगीत वाग्नरच्या ऑपेराचं. त्याच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात आरी कॉफमन हे संगणकशास्त्रज्ञ हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवत होते : या बोगद्याची मधली रेषा कशी काढायची, म्हणजे पाहणारा भिंतीला न धडकता पुढे जाईल.

७.
न खणता आत बघायचा प्रश्न जमिनीलाही असतो. बोअर घ्यायच्या आधी आमच्याकडे पाणाड्याला बोलावतात. तळहातावर ठेवलेला नारळ जिथे उभा राहील तिथे मशीन लागते. बोअर कोरडी गेली तर कर्ज शेतकऱ्याच्या नावावर.

८.
भूवैज्ञानिक दुसऱ्या रीतीने जातो. जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांत विजेचा दाब मोजायचा. त्यावरून खालच्या थराचा रोध निघतो. पाणी धरलेल्या थराचा रोध कमी, कोरड्या कठीण खडकाचा जास्त. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की नजर खोल जाते.

९.
सीटीतही असाच आकडा असतो : हाउन्सफील्डचं मोजमाप. पाणी शून्य. हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. मांस चाळीसच्या आसपास. हाड कितीतरी वर. आतड्यातला एखादा उंचवटा उणे शंभर भरला, तर ती चरबीची गाठ आहे. सुई न लावता, तुकडा न काढता एवढं कळतं.

१०.
सीटीचं गणित आधी आलं, यंत्र मागून. ऑस्ट्रियाच्या योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की एखाद्या वस्तूतून सगळ्या दिशांनी आरपार घेतलेल्या मापांवरून तिचा आतला भाग पुन्हा मांडता येतो. ॲलन कॉरमॅक यांनी १९६३-६४ मध्ये राडॉनचं काम माहीत नसताना तेच गणित पुन्हा शोधलं. त्यांच्या लेखांकडे फारसं कुणी वळलं नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिला रुग्ण पाहिला १ ऑक्टोबर १९७१ रोजी, विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. १९७९ चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड दोघांना मिळून. राडॉन १९५६ मध्येच वारले होते.

११.
शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून केलेलं काम महाराष्ट्राला ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून माहीत आहे. भूजल सर्वेक्षणात उमेदीची वर्षं घालवलेले भूवैज्ञानिक. पाठीशी शिरपूरचे नेते अमरीशभाई पटेल. तालुक्याचा काही भाग तापीच्या गाळाचा, काही भाग काळ्या खडकाचा. गाळात पिवळ्या मातीचे जाड थर आहेत, ते वरचं पाणी खाली जाऊ देत नाहीत. म्हणून नाले रुंद केले, खोल केले, ओळीने सिमेंटचे बंधारे घातले, कोरड्या विहिरींत पावसाळ्याचं पाणी सोडलं. गाळाला एक उपाय, खडकाला दुसरा. आत काय आहे ते आधी समजून घेतलं, जेसीबी नंतर लावला.

१२.
आमचे आप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. रक्त जात होतं. एका जुन्या ऑपरेशनमुळे आतडं आत चिकटलेलं, त्यामुळे कोलोनोस्कोपीची दुर्बीण अर्ध्यावर थांबली. डॉक्टर म्हणाले, उरलेला भाग सीटीवर बघू. जगभर या तपासणीचा एक मोठा उपयोग हाच आहे : दुर्बीण जिथून पुढे सरकत नाही तिथून पुढचं पाहणं.

१३.
तपासणीआधीचं पथ्य. कळण्याची भाकरी नाही. भरीत नाही, वांग्याच्या बिया आतड्यात राहतात. शेंगदाण्याची चटणी नाही, मेथी नाही, तीळ नाही. पांढरा भात, ताक, गाळलेलं वरण. पिकलेलं केळं चालतं.

आप्पांनी यादी ऐकली आणि केळ्यापाशी त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

१४.
डेनिस बर्किट, युगांडात काम केलेले आयरिश सर्जन. त्यांना आफ्रिकेच्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग फार क्वचित दिसला. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं : कोंड्यासकट धान्य खाणाऱ्यांच्या आतड्यातून अन्न लवकर पुढे जातं, मैदा आणि साखर खाणाऱ्यांच्या आतड्यात ते रेंगाळतं. पुढच्या संशोधनाने कारणांत भर घातली. दारू, लठ्ठपणा, बैठं काम; २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांसही त्यात घातलं. तंतूचं महत्त्व मात्र राहिलं.

चार दिवस बंद ठेवायची ती भाकरी, आणि आयुष्यभर खावी तीही तीच.

१५.
पोट साफ करायचं औषध : पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात कालवून, ठरल्या वेळाने पेला पेला. चव खारट. मेडिकलच्या काउंटरवरच्या मुलाने पाकिटावर पेनाने वेळा लिहून दिल्या, आणि आप्पांना म्हणाला, बाबा, जिथे संडास जवळ आहे तिथेच बसून प्या. छापील माहितीपत्रकात हे वाक्य नव्हतं. सगळ्यात उपयोगी तेच पडलं.

१६.
साफ करूनही थोडा मळ आत राहतोच. म्हणून आदल्या दिवशी जेवणाबरोबर बेरियम किंवा आयोडिनचं औषध पाजतात. ते मळात मिसळतं आणि मळ चित्रात पांढरा शुभ्र दिसतो. मग संगणक सगळं पांढरं पुसून टाकतो. खालची भिंत उघडी पडते.

१७.
अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दुर्बिणीच्या तपासणीसाठी गुंगी दिली की तेवढ्यापुरती सत्ता उपराष्ट्राध्यक्षांकडे दिली जाते. २९ जून २००२ आणि २१ जुलै २००७ : धाकट्या बुशकडून डिक चेनींकडे. १९ नोव्हेंबर २०२१ : जो बायडन यांच्याकडून कमला हॅरिस यांच्याकडे, ८५ मिनिटं. फेब्रुवारी २०१० मध्ये बराक ओबामांनी सीटीवरची तपासणी करून घेतली. गुंगी नाही, सत्ता कुणाकडे द्यायची वेळ आली नाही.

१८.
“रातनी लाइट शे. पानी कोन भरी?” सीटीसाठी धुळ्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी आप्पांचा प्रश्न. कपाशीला पाणी चालू होतं आणि शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची. धाकट्या चुलतभावाने पंपाची किल्ली घेतली, तेव्हा आप्पा औषधाचं पाकीट फोडायला तयार झाले.

१९.
आतडं फुगवायला साधी हवाही चालते, पण कार्बन डायऑक्साइड बरा. तो आतड्याच्या भिंतीतून झपाट्याने रक्तात जातो, रक्तातून फुफ्फुसांत, आणि श्वासावाटे बाहेर. हवा मात्र तासन् तास पोटात कळा देत राहते.

२०.
उताणं आणि पालथं, दोनदा का? मळाचा गोळा कूस बदलली की खाली घसरतो. पॉलिप भिंतीला धरून असतो, जागा सोडत नाही. दोन्ही चित्रं शेजारी लावली की कोण हललं ते दिसतं.

२१.
पडद्यावर एकदा गुदाशयाकडून आत जायचं, मग उलट फिरून आतून बाहेर यायचं. जाताना घडीची एक बाजू दिसते, येताना दुसरी. दोन्ही फेऱ्यांत ज्या भागावर नजर पडली नाही तो संगणक वेगळ्या रंगाने दाखवतो आणि डॉक्टर तिथे पुन्हा जातात. आणखी एक सोय : सगळी नळी उभी चिरून चटईसारखी सपाट पसरायची आणि वरून बघायची.

खऱ्या दुर्बिणीला मागे वळून बघणं इतकं सोपं नसतं.

२२.
डिसेंबर २००३, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास : काहीही त्रास नसलेली १२३३ माणसं, एकाच दिवशी आधी सीटी, मग दुर्बीण. दुर्बिणीच्या डॉक्टरांना सीटीचा निकाल आधी सांगत नव्हते. आतड्याचा एकेक टप्पा पाहून झाला की तेवढ्या टप्प्याचा निकाल उघड करायचा, फरक निघाला तर परत आत जाऊन बघायचं. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या धोक्याच्या पॉलिपांपैकी सीटीने ९३.८ टक्के पकडले. दुर्बिणीने पहिल्या नजरेत ८७.५ टक्के. ज्या दुर्बिणीला आजवर अंतिम पुरावा मानत होते तिच्याही नजरेतून काही सुटतं, हे या अभ्यासात आकड्यांत मांडलं गेलं.

२३.
एप्रिल २००४, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं नियतकालिक. पीटर कॉटन आणि सहकारी, नऊ रुग्णालयं, ६१५ माणसं. त्याच आकाराच्या पॉलिपांसाठी सीटीची पकड ५५ टक्के.

२४.
चार महिन्यांच्या अंतराने एकाच तपासणीचे हे दोन आकडे. फरक कशाचा? दुसऱ्या अभ्यासात मळ पांढरा करणारं औषध नव्हतं, त्रिमिती चित्र सुरुवातीपासून बघण्याची रीत नव्हती, आणि चित्र वाचणाऱ्यांचा हात सगळीकडे सारखा बसलेला नव्हता. २००८ मध्ये १५ केंद्रांवर अडीच हजार माणसांचा अभ्यास झाला. त्यात वाचणाऱ्या डॉक्टरांना आधी शिकवलं, परीक्षा घेतली, मगच काम दिलं. पकड ९० टक्के.

यंत्र विकत घेता येतं. वाचणारा घडवावा लागतो.

२५.
एका माणसाच्या दोन्ही कुशींचे छेद मिळून हजारभर चित्रं होतात. ती तारेवरून कुठेही पाठवता येतात. जिल्ह्याच्या गावाला काढलेलं चित्र पुण्यामुंबईतला सराव असलेला रेडिओलॉजिस्ट त्याच दिवशी वाचू शकतो. आप्पांनी प्रवास केला पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. उरलेला चित्रांनी केला.

२६.
धुळ्याला सीटीच्या दाराबाहेर बाकावर साक्रीकडची एक बाई बसली होती. सोबत दीर. डॉक्टरांच्या खोलीत तिने सांगितलेलं, “पोटमा दुखस.” एवढंच. नळीची वेळ आली तेव्हा नर्सने दिराला बाहेर पाठवलं, दार लोटलं, आणि सहज विचारलं, अजून काही होतं का माय? बाई हळू म्हणाली, “रगत बी पडस. घरमा कोनले सांगेल नई.”

हे नर्सनेच नंतर आम्हाला सांगितलं, नाव न घेता. म्हणाली, निम्मी माहिती मला दारामागे कळते.

२७.
हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या परिसरात, ५० ते ७५ वयाच्या लोकांना घरी पत्रं पाठवली. काहींना दुर्बिणीचं बोलावणं, काहींना सीटीचं, तेही जुलाब न देता. निकाल २०१२ मध्ये छापला. दुर्बिणीला शंभरातले २२ आले, सीटीला ३४. दुर्बिणीला आलेल्यांत दरडोई जास्त सापडलं. पण बोलावलेल्या दर शंभरांमागे दोन्हीकडे मोठे दोष जवळपास सारखेच सापडले, दोनाच्या आसपास.

जास्त अचूक तपासणीला लोक आले नाहीत, तर तिची अचूकता घरी बसलेल्यांच्या कामाची नाही.

२८.
ब्रिटनमध्ये त्रास असलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. जुन्या बेरियम एनिमाने शंभरात ५.६ जणांत कर्करोग किंवा मोठा पॉलिप सापडला, सीटीने ७.३ जणांत. बेरियम एनिमाचे दिवस त्यानंतर संपत आले.

२९.
या तपासणीला काय जमत नाही, तेही लिहून ठेवायला हवं. सपाट, भिंतीला चिकटून पसरलेला दोष निसटू शकतो. ६ मिलिमीटरहून लहान पॉलिप रिपोर्टात धरत नाहीत. तुकडा काढता येत नाही. सापडलेला पॉलिप काढता येत नाही, त्यासाठी दुर्बीणच हवी. क्ष-किरण लागतात : साधारण ५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. जमिनीतून, हवेतून, आकाशातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आपोआप मिळतातच. पन्नाशीपुढच्या, रक्त जाणाऱ्या माणसासाठी हा हिशोब तपासणीच्या बाजूने झुकतो. गरोदर बाईसाठी झुकत नाही.

३०.
दुर्बिणीतून पॉलिप कापून काढण्याची सुरुवात सप्टेंबर १९६९ ची. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत घातला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेने कापला. सोबत विल्यम वुल्फ. तोवर पॉलिपसाठी पोट उघडावं लागत असे. सीटीच्या चित्राला अर्थ आहे तो या फासामुळे. दिसलेलं काढता येतं, म्हणून बघायचं.

३१.
सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्राचं वर्णन आहे : नळीतून बघायचं, नळीतूनच उपाय करायचा. १८०६ च्या सुमारास फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती आणि आरसा बसवून शरीरात डोकावणारं उपकरण केलं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींनी ते बाजूला ठेवलं.

३२.
फुटबॉलपटू पेले. कोविडच्या साथीच्या काळात नेहमीची तपासणी लांबली. ऑगस्टअखेर २०२१ मध्ये झाली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. २९ डिसेंबर २०२२ रोजी गेले.

३३.
अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन. १२ जुलै १९८५ रोजी बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात दुर्बिणीने मोठा पॉलिप दिसला, १३ तारखेला शस्त्रक्रिया. त्यात कर्करोग निघाला. पुढची जवळपास एकोणीस वर्षं जगले, गेले ते दुसऱ्या आजाराने.

३४.
जगभरात २०२२ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण, ९ लाखांहून अधिक मृत्यू. भारतात लोकसंख्येच्या मानाने प्रमाण कमी. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या आठशे रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय साधारण ४७ निघालं. पश्चिमेकडे हे वय साठीच्या पुढचं. आपल्याकडचा रुग्ण दारात येतो तो संसाराच्या ऐन मध्यात, आणि बऱ्याचदा उशिरा.

३५.
बार्शी, सोलापूर जिल्हा. १९८७ मध्ये खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद तिथे सुरू झाली, अशी देशातली पहिली. रुग्णालयात कोण येतं याची वाट न बघता माणसं गावोगाव गेली. मोठ्या आतड्याचा कर्करोग तिथे मुंबईच्या मानाने बराच कमी आढळला. गर्भाशयमुखाचा जास्त. मग कार्यकर्त्यांनी गावात बसून बायकांशी नुसतं बोलायला सुरुवात केली : अंगावरून अवेळी जात असेल तर सांगा, लपवू नका. काही वर्षांत बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ मध्ये तसा लेख छापून आला. त्यात नवीन यंत्र एकही नव्हतं.

३६.
शेजारचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. खेड्यांच्या ५२ गटांतल्या १,३१,७४६ बायका. ज्या गटांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली, तिथे आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये जगाने ते वाचलं. खेड्यातली बाई तपासणीला येत नाही, असं म्हणणाऱ्याला हा अभ्यास दाखवावा.

३७.
सीटीत आतड्याबाहेरचंही सगळं येतं. मूत्रपिंडातला खडा, पित्ताशयातला खडा, मोठी रक्तवाहिनी कुठे फुगली असेल तर तेही. आप्पांच्या रिपोर्टात अर्धं पान आतड्याचं, अर्धं बाकीच्या पोटाचं.

३८.
डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. उजव्या बाजूला, एका घडीच्या मागे, सव्वा सेंटिमीटरचा उंचवटा. उताणं असतानाही तिथेच, पालथं असतानाही तिथेच. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हे माझंच ना? डॉक्टर म्हणाले, तुमचंच, आणि काढता येण्यासारखं आहे. पुढे नाशिकला सराव असलेल्या हाताने बारीक दुर्बीण सावकाश पुढे नेली आणि पॉलिप काढला. तुकड्याचा रिपोर्ट : पुढे बिघडू शकणारा, पण अजून बिघडलेला नाही.

३९.
अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याने २००९ मध्ये सीटीच्या तपासणीला नकार दिला. १ जानेवारी २०२५ पासून होकार. मधली सगळी वर्षं डॉक्टर, रुग्णांच्या संघटना आणि संशोधक पुरावा मांडत राहिले.

४०.
आप्पा आता पारावर बसून सांगतात. कुणी मूळव्याधीचं औषध विचारलं की म्हणतात, आधी आत बघून घे. नळीबद्दल, जुलाबाबद्दल, सगळं मोकळेपणाने सांगतात. ऐकणारे आधी खाली बघतात. नंतर एखादा मागे थांबतो.

४१.
सरकारी तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरच्यांना तीन कर्करोगांसाठी बघतात : तोंड, स्तन, गर्भाशयमुख. मोठं आतडं त्यात नाही. आपल्याकडचं प्रमाण पाहता गावच्या गाव सीटीखाली घालायची गरजही नाही. पण ज्यांना त्रास आहे त्यांना शोधायचं तर विचारावं लागेल. शौचातून रक्त जातं का? शौचाची सवय अलीकडे बदलली का? कारण नसताना वजन उतरलं का, रक्त कमी झालं का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का?

हे प्रश्न आशाताई विचारू शकते, मेडिकलवाला विचारू शकतो, सून सासऱ्याला आणि मुलगा आईला विचारू शकतो. एकाचं जरी उत्तर हो आलं, तरी मलम घेऊन घरी जायचं नाही. डॉक्टरकडे जायचं आणि आत बघून घ्यायचं.